कन्फ्युशियसची दोन उत्तरं

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीचे मराठीचे पेपर तपासत होतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची. आमच्या मुलांसाठी मराठी म्हणजे बाजारातली, एसटी स्टँडवरची भाषा. निबंधाचा विषय होता 'माझी आई'. बहुतेक निबंध एकाच गाईडमधून उतरलेले. सगळ्यांची आई पहाटे उठते, देवासारखी असते आणि तिचे उपकार फिटत नाहीत. एका मुलीने मात्र लिहिलं होतं, की तिची अम्मी रात्री उशिरापर्यंत विड्या वळते, तिच्या हाताला तंबाखूचा वास येतो आणि तो वास आला नाही तर तिला झोप लागत नाही. पानभर निबंधात शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. मी दहापैकी चार दिले. गाईडवाल्यांना सात आणि आठ.

तिने काही विचारलं नाही. पुढच्या चाचणीत तिनेही पाठ केलेला निबंध लिहिला. एकही चूक नाही. मी आठ मार्क दिले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता तुम्ही म्हणाल, या निबंधाचा आणि चीनचा काय संबंध? सांगतो.

लहानपणी मदरशात ऐकलेलं एक वाक्य आहे, ज्ञानासाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जा. हदीसचे अभ्यासक त्याची सनद कमजोर मानतात, पण आमच्या घराघरांत ते रुजलेलं आहे. मीही ते वर्गात अनेकदा सांगितलं. मात्र त्या काळात चीनमध्ये नेमकं कोणतं ज्ञान होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. बी.एड.ला असताना शिक्षणाच्या इतिहासात एवढंच वाचलं होतं, की सरकारी नोकरीसाठी लेखी परीक्षा घेण्याची प्रथा चीनने सुरू केली. तो धागा धरून मी गेल्या वर्षभरात थोडं वाचलं. आता मला चीनचा इतिहास एका शिक्षकाचा आणि त्याच्या नावाने चाललेल्या एका परीक्षेचा इतिहास वाटतो.

शिक्षक म्हणजे कन्फ्युशियस. इ.स.पू. 551 मध्ये, आजच्या शानतुंग प्रांतात जन्मलेला. राजाचा सल्लागार व्हावं ही त्याची इच्छा. त्यासाठी तो अनेक राज्यांत हिंडला, पण कोणी त्याला फार काळ ठेवून घेतलं नाही. शेवटी शिकवणं हेच त्याचं काम झालं. फी म्हणून कोणी सुकवलेल्या मांसाची जुडी आणली तरी तो शिकवायचा. शिष्य निवडताना घराणं बघायचा नाही.

त्याच्या शिष्यांनी जपलेल्या संवादांत एक प्रसंग आहे. एक शिष्य विचारतो, चांगली गोष्ट ऐकली की लगेच तशी कृती करावी का? गुरू म्हणतो, घरात वडील आणि थोरले भाऊ असताना त्यांना न विचारता कशी करशील? मग दुसरा शिष्य येतो. तोच प्रश्न. गुरू म्हणतो, हो, लगेच कर. दोन्ही उत्तरं ऐकणारा तिसरा गोंधळतो. तेव्हा गुरू सांगतो, पहिला उतावळा आहे म्हणून त्याला आवरलं, दुसरा मागे मागे राहतो म्हणून त्याला पुढे ढकललं.

एक प्रश्न, दोन मुलं, दोन उत्तरं. आमच्या बी.एड.च्या पाठटाचणात हे कुठे बसवायचं ते मला आजही सांगता येणार नाही.

कन्फ्युशियसच्या मृत्यूनंतर अडीचशे वर्षांनी, इ.स.पू. 221 मध्ये, छिन शी हुआंगने सगळी राज्यं जिंकून पहिलं साम्राज्य उभं केलं. त्याच्या राजवटीत कन्फ्युशियसच्या परंपरेचे ग्रंथ जाळले गेले. ती राजवट पंधरा वर्षांत संपली. नंतरच्या हान सम्राटांनी शहाणपणा केला. त्यांनी तेच ग्रंथ सरकारी केले आणि ते शिकवायला राजधानीत विद्यापीठ काढलं. पुढे इ.स. 605 च्या सुमारास, म्हणजे अरबस्तानात प्रेषितांच्या हयातीत, परीक्षा सुरू झाल्या. सुंग काळापर्यंत त्या साम्राज्याचा कणा बनल्या.

ही परीक्षा वाईट होती असं मी म्हणणार नाही. सुंग काळात उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकलं जाई. एवढंच नाही, कारकून सगळी उत्तरं पुन्हा आपल्या हाताने उतरवून काढत, म्हणजे परीक्षकाला अक्षरही ओळखता येऊ नये. जगात बहुतेक ठिकाणी तलवार आणि वंश यांवर पद मिळत असताना शेतकऱ्याचा मुलगा लेखणीवर मंत्री होऊ शकतो, ही कल्पनाच मोठी होती. युरोपातल्या विद्वानांनी तिचं कौतुक केलं. इंग्रजांनी 1855 मध्ये हिंदुस्थानातल्या सनदी नोकऱ्यांसाठी स्पर्धा परीक्षा घेतली, तेव्हा त्यावरच्या चर्चेत चीनचा दाखला दिला जात होता. पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणारी आपली मुलं त्या परीक्षेची दूरची नातेवाईक आहेत.

पण लाखो लोकांना एकाच मापाने मोजायचं तर उत्तरही एकच लागतं. 1313 मध्ये फर्मान निघालं, की चू शी या पंडिताने लावलेला अर्थ हाच परीक्षेत ग्राह्य धरावा. मिंग काळात निबंधाचा साचाही ठरला. आठ भाग, ठरलेला क्रम, जोडीजोडीने तोलून लिहिलेली वाक्यं. त्याला 'आठ पायांचा निबंध' म्हणत. नानजिंगच्या परीक्षा केंद्रात वीस हजारांहून जास्त खोपटी होती. एकेका खोपटात एक उमेदवार, दोन फळ्या, त्यावरच लिहायचं आणि त्यावरच झोपायचं. प्रांताची परीक्षा शंभरातले एक-दोन पास होत. बाकीचे तीन वर्षांनी पुन्हा येत. काहींचे केस त्यातच पांढरे होत. बायकांना तर दारच बंद.

ज्या माणसाने एका प्रश्नाला दोन उत्तरं दिली, त्याच्या नावाने पाचशेहून जास्त वर्षं एकच उत्तर तपासलं गेलं. मला वाटतं, चीनचं पुढचं दुखणं इथे सुरू झालं. परंपरा जुनी होती हा तिचा दोष नव्हता. तिच्याशी बोलण्याची मोकळीक परीक्षेने काढून घेतली होती. परीक्षेबाहेर ती मोकळीक होती, याचं एक उदाहरण मला जवळचं वाटतं. नानजिंगचाच ल्यू चिर हा मुस्लिम विद्वान 1700 च्या आसपास इस्लामविषयी चिनी भाषेत लिहीत होता आणि त्यासाठी कन्फ्युशियस परंपरेचे शब्द वापरत होता. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला त्याची धडपड समजते.

एकोणिसाव्या शतकात जग बदललं, पेपर बदलला नाही. इंग्रज अफू घेऊन आले. त्यातली माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातून जात होती आणि मुंबईच्या काही पेढ्या त्यावर श्रीमंत झाल्या, हेही आपण विसरू नये. पहिलं अफूयुद्ध 1842 मध्ये नानजिंगच्या तहाने संपलं. चीन हरला, हाँगकाँग गेलं. त्याच काळात हाँग श्युच्वान नावाचा खेड्यातला एक मास्तर ग्वांगचौला परीक्षा देत होता. चार वेळा नापास झाला. तिसऱ्या अपयशानंतर तापाने फणफणला, त्याला भास झाले. पुढे ख्रिस्ती मिशनऱ्यांचं एक पुस्तक वाचून त्याने ठरवलं, की आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत. वर्गातली कन्फ्युशियसची पाटी काढली म्हणून त्याची नोकरी गेली. 1851 मध्ये त्याने तायपिंग बंड उभारलं, नानजिंग जिंकून राजधानी केली. 1864 पर्यंत चाललेल्या त्या यादवीत दोन कोटींच्या आसपास माणसं मेली असं मानतात. कारणं अर्थातच अनेक होती, भूक, जमीन, मांचू राज्यकर्त्यांविषयी राग. पण गंमत बघा, या नापास मास्तराने राज्य मिळताच स्वतःच्या धर्मग्रंथांवर परीक्षा सुरू केल्या!

1895 मध्ये जपानकडून हार झाली, तेव्हा धक्का आणखी मोठा बसला. तरुण सम्राट क्वांगशूने 1898 मध्ये सुधारणांची फर्मानं काढली. शंभरेक दिवसांत राजमाता त्सीशीने त्यालाच नजरकैदेत टाकलं. शेवटी तिच्याच राजवटीला सप्टेंबर 1905 मध्ये परीक्षा कायमची बंद करावी लागली. तेराशे वर्षांची पद्धत एका हुकुमाने संपली.

शान्सी प्रांतात ल्यू तापेंग नावाचा एक शिक्षक होता. प्रांताची परीक्षा पास झालेला, श्रीमंताघरी मुलांना शिकवणारा. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. परीक्षा बंद झाल्याचं कळल्यावर तो हताश झाला. विद्यार्थी मिळेनात. पुढे त्याने कोळशाच्या खाणी सांभाळल्या, शेती केली. नव्या शाळा होत्या, पण त्या शहरांत आणि पैसेवाल्यांसाठी. गावातल्या हुशार मुलाला दरबाराशी जोडणारी एकच शिडी होती, ती काढली गेली आणि दुसरी लावली गेली नाही. हजारो तरुण जपानला शिकायला गेले. त्याच 1905 साली टोकियोत सुन यत्-सेनने क्रांतिकारकांची संघटना उभी केली. बरेच शिकलेले तरुण नव्या सैन्यात गेले आणि 10 ऑक्टोबर 1911 रोजी वूचांगला त्याच सैन्याने बंड केलं. 12 फेब्रुवारी 1912 रोजी सहा वर्षांच्या सम्राट पूयीचं राज्यत्यागाचं फर्मान निघालं. परीक्षा गेल्यावर साम्राज्य सात वर्षंही टिकलं नाही.

लू शुनने 1919 मध्ये 'खुंग यीची' ही कथा लिहिली. परीक्षेत कधीच पास न झालेला, जीर्ण लांब झगा घालून दारूच्या गुत्त्यावर येणारा माणूस. एक अक्षर चार प्रकारे कसं लिहितात हे त्याला येतं, पोट भरणं येत नाही. लोक त्याला हसतात. ती कथा वाचून मी हसू शकलो नाही. त्याला तसं घडवणारा माझ्यासारखाच कोणी मास्तर असणार.

त्याच वर्षी 4 मे रोजी बीजिंगमध्ये सुमारे तीन हजार विद्यार्थी रस्त्यावर आले. पहिल्या महायुद्धानंतर शानतुंगमधले जर्मनीचे हक्क जपानला दिले, म्हणून. शानतुंग, कन्फ्युशियसचीच भूमी. पण तिच्यासाठी लढणाऱ्या त्या पिढीची नवी घोषणा विज्ञान आणि लोकशाहीची होती. कन्फ्युशियस त्यांना जुनाट दुकानदार वाटत होता. त्याच पिढीतला एक तरुण हूनानच्या अध्यापक विद्यालयातून 1918 मध्ये पास झाला होता. आपल्या भाषेत डी.एड. झालेला मास्तर. त्याचं नाव माओ. लहानपणी त्यानेही ते ग्रंथ घोकले होते, आणि त्यांच्याआड बंडखोरांच्या कादंबऱ्या वाचल्या होत्या.

1949 नंतर माओच्या राज्याने कोट्यवधी लोकांना साक्षर केलं, मुलींना शाळेत आणलं, अक्षरं सोपी केली. हे मान्य करायलाच हवं. 1964 मध्ये माओ परीक्षेविषयी म्हणाला, की ती विद्यार्थ्याला शत्रू समजून त्याच्यावर केलेला अचानक हल्ला आहे. हे वाचून माझीही मान हलली. पण दोनच वर्षांत, सांस्कृतिक क्रांतीत, विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा बंद झाल्या आणि हल्ले शिक्षकांवर सुरू झाले. ऑगस्ट 1966 मध्ये बीजिंगच्या एका मुलींच्या शाळेतल्या उपमुख्याध्यापिका त्यांच्याच विद्यार्थिनींच्या मारहाणीत मेल्या. नोव्हेंबरमध्ये रेड गार्ड्सची एक तुकडी कन्फ्युशियसच्या गावी, छूफूला गेली. तिने शिलालेख फोडले, थडगी उकरली. ती तुकडी बीजिंगच्या शिक्षक घडवणाऱ्या विद्यापीठातली होती. उद्याचे शिक्षक जगातल्या सर्वांत प्रसिद्ध शिक्षकाची कबर फोडत होते.

माओ गेला. 1977 च्या हिवाळ्यात प्रवेश परीक्षा परत आली. सुमारे 57 लाख जण बसले, जागा मिळाली 2 लाख 73 हजारांना. शेतात राबायला पाठवलेली मुलं जुनी पुस्तकं शोधत रात्र रात्र जागली. त्यांच्यासाठी ती परीक्षा म्हणजे सुटका होती. आणि 2004 पासून तेच सरकार जगभर कन्फ्युशियसच्या नावाने भाषासंस्था काढू लागलं.

म्हणून परीक्षा रद्द करा, असं सहज म्हणणाऱ्यांशी मी सहमत होत नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या मुलीला ओळख नाही, वशिला नाही. नाव झाकलेली उत्तरपत्रिकाच तिला न्याय देऊ शकते. पण परीक्षा म्हणजेच ज्ञान असं मानलं, की काय होतं तेही चीनने दाखवलंय. परीक्षा तर राहणारच. प्रश्न आहे, बाकीचे दिवस वर्गात आम्ही काय करतो?

मी त्या मुलीला बोलावलं. जुना निबंध मागितला. ती म्हणाली, "सर, तो पेपर रद्दीत गेला." मग तिनेच विचारलं, "बोर्डात कोणता लिहू? तसा की गाईडमधला?"

मी म्हणालो, "तसाच लिही. पण चुका राहू देऊ नकोस. त्या आपण दोघं मिळून काढू."

तिच्या मागे एक मुलगा उभा होता. वर्षभर एकही पान न लिहिलेला. त्यानेही विचारलं, "सर, मी?"

त्याला म्हटलं, "तू आधी गाईडमधला पाठ कर. पास हो. मग बघू."

ती दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मी खडू उचलला आणि फळ्याकडे वळलो.