ओढणाऱ्याचे वय

पावसाळ्यात कोलकात्याच्या ठनठनिया भागात गुडघाभर पाणी साचते, मोटारी बंद पडतात आणि एरवी दुर्लक्षिलेली हातरिक्षा एकाएकी मोलाची ठरते. हातातली घंटा लाकडी दांडीवर आपटीत रिक्षावाला पाण्यातून वाट काढतो. कित्येकदा त्याचे केस पांढरे झालेले असतात. पण बसणाऱ्याला दिसते ती केवळ पाठ.

ही रिक्षा बंद करण्याचा मनोदय मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांनी २००५ साली जाहीर केला. डिसेंबर २००६ मध्ये विधानसभेने तसे विधेयक संमत केले. परंतु न्यायालयाच्या स्थगितीमुळे ते अमलात आले नाही. माणसाने माणसाला ओढणे लांछनास्पद आहे, हा त्यामागील विचार योग्यच होता. आपल्या माथेरानच्या हातरिक्षांविषयी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार मांडला, त्या सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना आखण्याचा आदेश दिला. निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले.

तरुणाला ई-रिक्षा पुरेल. साठी उलटलेल्याचे काय? त्याला दुसरे वाहन देणे म्हणजे पुन्हा कामालाच जुंपणे होय.

कोलकात्यातील रिक्षावाले बहुतांशी बिहारमधून आलेले. रिक्षा भाड्याची, मुक्काम डेऱ्यात, रिक्षांच्याच सोबतीने. मालकाचे भाडे आणि पोटापुरते अन्न वजा जाता उरेल ते गावी जाते. अशा माणसाला निवृत्त कोण करणार?

वृद्धापकाळी साहाय्य मिळावे, असे राज्यघटनेचे ४१ वे कलम सांगते. प्रत्यक्षात राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ७९ वर्षांपर्यंतच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा आहे दरमहा २०० रुपये! राज्ये त्यात भर घालतात. बिहारने २०२५ साली एकूण रक्कम ४०० वरून ११०० रुपये केली, हे स्वागतार्ह. २०१९ च्या श्रमयोगी मानधन योजनेत साठीनंतर ३००० रुपये मिळावयाचे आहेत. पण तीत प्रवेश १८ ते ४० वयाच्यांनाच. आज जो म्हातारा झाला आहे, त्याला तिचा काडीचाही उपयोग नाही.

वस्तुतः हातरिक्षेवरील बंदीचा आरंभ निवृत्तिवेतनापासून व्हावयास हवा. महिन्याचा शिधा भागेल एवढी रक्कम गावी मिळू लागली, तर यांपैकी अनेक वृद्ध कायद्याची वाट न पाहता दांड्या खाली ठेवतील.