प्रश्न बाप्तिस्म्याचा नाही

आपल्या मंडळीतल्या मुलीचं परधर्मीय मुलाशी जुळलं, की घरचे आधी विचारतात, ‘तो बाप्तिस्मा घेणार का?’ मला हा प्रश्नच पटत नाही. लग्नापुरता घेतलेला बाप्तिस्मा म्हणजे विश्वास नव्हे. कायदाही तो मागत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली दोघं आपापल्या धर्मात राहून लग्न करू शकतात.

पौलाने दिलेला विजोड जुवाचा इशारा मी विसरलेलो नाही. म्हणूनच तरुणांनो, शब्द देण्याआधी एकमेकांशी बोला. रविवारी उपासनेला जाता येईल का? घरातल्या पूजेला काय करायचं? मुलांचा बाप्तिस्मा होणार का? मूल पाळण्यात आल्यावर हा वाद काढू नये. आणि आईबापांनो, निर्णय काहीही होवो, लेकीला दार बंद करू नका.