लाँग वीकेंडला कोणता समुद्रकिनारा? आधी रुग्णालय किती लांब ते विचारा

सुट्ट्या जोडून आल्या की माझ्या ट्रॉम्बेच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाब मोजून होतो, औषधांची चिठ्ठी हातात पडते आणि पेशंट उठता उठता विचारतो, "डॉक्टर, आम्ही मित्रमंडळी तीन दिवस कोकणात चाललोय. चालेल ना?"

"कोकणात कुठे?"

"ते ग्रुपवर ठरतंय. बहुतेक तारकर्ली."

ग्रुपवर गाव कसं ठरतं ते मला माहीत आहे, कारण मीही अशा एका ग्रुपमध्ये आहे. कोणीतरी निळ्या पाण्याचे फोटो टाकतो, दुसरा खोल्यांचे दर टाकतो, तिसरा विचारतो मासे कुठे चांगले मिळतात. गाडीत बसणाऱ्यांपैकी कोणाला कोणता आजार आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की पन्नाशी ओलांडलेल्या मित्रांनी गाव निवडताना हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

हे मत मी पुस्तकातून घेतलेलं नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही सहा मित्र अशाच एका लांबच्या, फार सुंदर किनाऱ्यावर गेलो. दहा तास गाडीत बसून पोहोचलो. रात्री बिअर, तळलेली कोलंबी, गप्पा. आमच्यातल्या एकाला बारा वर्षांचा मधुमेह. पहाटे तीन वाजता त्याला दरदरून घाम फुटला, अस्वस्थ वाटू लागलं. छातीत दुखत नव्हतं, म्हणून त्याने ॲसिडिटीचं औषध घेतलं आणि पडून राहिला. मी शेजारच्या खोलीत होतो. "डॉक्टरची सुट्टी कशाला मोडायची?" म्हणून त्याने मला उठवलंही नाही. सहा वाजता मी त्याचा चेहरा पाहिला आणि काय झालंय ते समजलो. हृदयरोगतज्ज्ञ असलेलं रुग्णालय तिथून अडीच तासांवर होतं.

तो वाचला. पण त्याच्या हृदयाची पंपिंगची क्षमता ३५ टक्क्यांवर आली. निरोगी माणसाची साधारण ५५ ते ७० टक्के असते. आज दोन जिने चढताना तो मध्ये थांबतो. दोष त्या गावाचा नव्हता. तिथल्या माणसांनी जिवाचं रान केलं. दोष आमच्या निवडीचा होता, आणि ती निवड होताना मीही ग्रुपवर अंगठा उमटवून मोकळा झालो होतो.

हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की स्नायू मिनिटागणिक मरू लागतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा ॲंजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका स्नायू जास्त वाचतो. मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. नुसता घाम, धाप किंवा मळमळ, एवढंच लक्षण असू शकतं. म्हणून गाव ठरवताना मी आता तीन प्रश्न विचारतो.

१. एका बाजूला किती तास बसायचं?

ट्रॉम्बेहून मालवण साधारण पाचशे किलोमीटर. लाँग वीकेंडच्या गर्दीत किती तास लागतील ते कोणीच सांगू शकत नाही. चार तासांहून जास्त वेळ सलग बसलं की पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. स्थूल व्यक्ती, नुकतंच ऑपरेशन झालेले आणि पूर्वी गुठळी झालेले यांना तो अधिक. त्यात वाटेत लघवीला थांबावं लागू नये म्हणून पाणी पिणं टाळलं जातं आणि जेवणाची, गोळ्यांची वेळ चुकते. माझा नियम सोपा आहे: सुट्टी तीन दिवसांची असेल तर एका बाजूचा प्रवास चार तासांत बसला पाहिजे. मालवण, तारकर्लीला जरूर जा, पण पाच दिवस काढून, आणि शक्यतो कोकण रेल्वेने कुडाळपर्यंत. रेल्वेत निदान उठून चालता येतं. गाडीने गेलात तर दर दीड-दोन तासांनी खाली उतराच.

२. रात्री तीन वाजता कुठे नेणार?

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालय असतं. अलिबाग आणि रत्नागिरी ही अशी किनाऱ्यावरची गावं आहेत. सिंधुदुर्गचं मुख्यालय ओरोस मात्र किनाऱ्यापासून आत आहे. हरिहरेश्वर, दिवेआगर, वेळणेश्वर देखणी आहेत, पण तिथून मोठं रुग्णालय गाठायचं म्हणजे अंधारात वळणावळणाचा रस्ता. तरुण, निरोगी मंडळींनी तिथे खुशाल जावं. ग्रुपमध्ये स्टेंट घातलेला, इन्सुलिन घेणारा किंवा अर्धांगवायूतून सावरलेला कोणी असेल तर पुन्हा विचार करा. खोली आरक्षित करताना घरमालकाला समुद्र दिसतो का हे विचारताच; जवळचं ईसीजीची सोय असलेलं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, तेही विचारा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे, पण तिलाही अंतर कापावंच लागतं.

३. तिथला समुद्र कसा आहे?

आपण खाडीकाठची माणसं. आपल्यासमोर चिखल, तिवरं आणि फ्लेमिंगो. रोज पाणी पाहतो म्हणून समुद्र कळतो, असा आपला गैरसमज असतो. गणपतीपुळ्याला किनारा एकदम खोल होतो. हरिहरेश्वरच्या खडकांवर अचानक मोठी लाट येते. २०१६च्या फेब्रुवारीत मुरूडला सहलीला आलेले पुण्याचे डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले. तो पावसाळाही नव्हता. दारू प्यायल्यावर पाण्यात उतरू नका, मग किनारा कोणताही असो. आणि भरतीची वेळ माहीत करून घ्या. ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या माझ्या एका पेशंटने मला हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जाऊन तिथे अडकणाऱ्यांनी हे जरूर पाठ करावं.

यावर मित्र म्हणतात, "डॉक्टर, तू सुट्टीचासुद्धा वॉर्ड करतोस. एवढा हिशेब करायचा तर घरीच बसावं ना?" त्यांचं म्हणणं मला पटतं, निम्मं. घरी बसणं हा उपाय नाही. या वयात मित्रांबरोबर घालवलेले तीन दिवस मनाला जे देतात, ते माझ्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. म्हणूनच जवळचं गाव निवडा, असं मी म्हणतो. लांबच्या गावाचे दोन दिवस रस्त्यात जातात आणि उरलेल्या एका दिवसात सगळं उरकायचं म्हणून आपण जास्त खातो, जास्त पितो, कमी झोपतो. एरवी ठीक असलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके सुट्टीतल्या अति मद्यपानानंतर अनियमित होतात, याला वैद्यकशास्त्रात १९७८पासून 'हॉलिडे हार्ट' असं नावच आहे. संधिवाताचा गाऊट असणाऱ्यांचा अंगठा बिअर आणि कोलंबीच्या रात्रीनंतर सुजतो तो वेगळाच.

यंदा आमचा ग्रुप अलिबागला चालला आहे. वाशीचा पूल ओलांडून, पहाटे लवकर निघून, वडखळची गर्दी वाढायच्या आत. पावसाळा नसेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसकट मांडव्याला जायचा पर्यायही आहे. प्रत्येकाच्या औषधांची यादी आणि घरच्यांचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. इन्सुलिन थंड पिशवीत हातासरशी राहील, तापलेल्या डिकीत नाही. छातीत दुखलं तर ॲस्पिरिन कोणी चावायची आणि कोणाला ती चालत नाही, हे प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना आधीच विचारलं आहे.

आणि एक नियम आमच्या त्या मित्रानेच घातला आहे. रात्री कोणालाही काहीही वेगळं वाटलं तर डॉक्टरला उठवायचं. उगाच उठवलं असं ठरलं, तर सकाळचा चहा उठवणाऱ्याकडून.

असे चहा मी आनंदाने पिईन. काळजी घ्या, आणि जरूर फिरून या.