मुकी दुखणी आणि जगाचा शेजारधर्म

मनुष्याच्या दुखण्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतील. एक बोलकी दुखणी आणि दुसरी मुकी. पटकी, हिवताप, सर्पदंश ही बोलकी दुखणी होत. ती आली म्हणजे सारे गाव जागे होते, धावाधाव सुरू होते, सरकारास खबर पोहोचते, आणि दुर्दैवाने मनुष्य गेलाच तर त्याची नोंद दप्तरात होते. मुक्या दुखण्यांचे तसे नाही. गुडघा धरला, कंबर भरली, बोटांची पेरे सुजली, मान वळेनाशी झाली, म्हणून सहसा कोणी मरत नाही. आणि मरत नाही म्हणून ती कोणाच्या हिशेबी धरली जात नाहीत. आजीबाई भिंतीचा आधार घेऊन उठतात, “वय झाले,” असे म्हणतात, आणि आपणही “होय” म्हणून आपल्या कामास लागतो. या “होय” विरुद्ध आज आम्हाला दोन शब्द लिहावयाचे आहेत.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. या रानावनाच्या मुलखात शरीराचे सांधे हेच गरिबाचे भांडवल आहे. पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली म्हणजे बाया दिवसचे दिवस बांधीच्या चिखलात उभ्या राहून, कंबरेत वाकून पऱ्हे रोवतात. चैत्रात पहाटे उठून मोहफुले वेचावयाची, तीही वाकूनच. पुढे उन्हाच्या कडाक्यात तेंदूपत्ता तोडावयाचा आणि घरी येऊन त्याची पुडकी बांधीत बसावयाचे. मोळी डोक्यावर, घागर डोक्यावर, मूल कडेवर. अशा घरी आईची कंबर धरली तर पाणी कोण भरते? बहुधा थोरली मुलगी. हजेरीपत्रकात त्या मुलीच्या नावापुढे गैरहजेरीची जी खूण पडते, तिचे मूळ पुष्कळदा आईच्या पाठीच्या कण्यात असते. तेव्हा हा विषय केवळ म्हाताऱ्या माणसांचा आहे असे कोणी समजू नये. तो शाळेचाही आहे.

आपल्याकडे या सर्व दुखण्यांस “वात” हा एकच शब्द लावून मोकळे होण्याची रीत आहे. परंतु एका नावाखाली येथे अनेक रोग दडलेले असतात, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. गुडघ्याच्या सांध्यातील कूर्चा झिजणे हा एक प्रकार. आमवात हा अगदी दुसरा. त्यात शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते, सकाळी हाताची बोटे तासतासभर आखडलेली राहतात, आणि वेळीच उपचार न झाल्यास सांधे कायमचे वाकडे होतात. हा रोग भर तारुण्यातही येतो, व पुरुषांपेक्षा स्त्रियांस अधिक होतो. त्यावर आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट नावाचे स्वस्त औषध आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली व रक्त तपासून घेतले, तर पुष्कळांचे हात शाबूत राहतात. चुकून रोज घेतल्यास तेच औषध जिवावर बेतते. ज्या रोगाचा इलाज आहे त्यास “वय झाले” म्हणून सोडून देणे हे आमच्या मते अज्ञान तर खरेच, पण ते अन्यायाच्याही जवळ जाते.

आमच्या मुलखात आणखी दोन कारणे विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहेत. त्यांचा इतिहास थोडा सविस्तर सांगतो, कारण दूरच्या देशातील ज्ञान आपल्या विहिरीपर्यंत कसे येते हे त्यावरून कळेल.

पहिले कारण पाण्यातील फ्लोराइड. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात हा क्षार मर्यादेबाहेर आढळला आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले म्हणजे प्रथम मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. पुढे हाडे जड व ठिसूळ होतात, स्नायुबंध ताठरतात, आणि मान, पाठ, गुडघे वळेनासे होतात. हाडांचा हा विकार १९३२ मध्ये डेन्मार्कमधील डॉक्टरांनी कोपनहेगन येथील क्रायोलाइट दळणाऱ्या मजुरांत ओळखला. तेथे तो श्वासावाटे जाणाऱ्या धुळीमुळे होत होता. अवघ्या पाच वर्षांनी, १९३७ मध्ये, मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात कमरेत वाकलेले शेतकरी पाहून संशोधकांनी ताडले की हाच विकार येथे पाण्यावाटे होत आहे. पुढे नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने तुरटी व चुना यांच्या साह्याने पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची रीत बसविली. तीस नालगोंडा पद्धत म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने एका लिटर पाण्यास दीड मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. डेन्मार्कचा मजूर, नेल्लोरचा शेतकरी, नागपूरचा रसायनशास्त्रज्ञ यांनी एकमेकांस कधी पाहिले नाही. तरी एकाच्या दुखण्यातून दुसऱ्याची सुटका निघाली.

दुसरे कारण सिकलसेल. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत व सांध्यांत असह्य कळा उठतात. काही रोग्यांच्या खुब्याचे हाड रक्ताअभावी मरते व ऐन तारुण्यात मनुष्य लंगडू लागतो. हा रोग प्रथम १९१० मध्ये शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनी वर्णिला, आणि त्यांचा रोगी ग्रेनाडा बेटावरून शिकावयास आलेला एक विद्यार्थी होता. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातील लोकांत आढळला, व १९५८ मध्ये नागपूरच्या संशोधकांनी तो विदर्भातही असल्याचे दाखवून दिले. सांप्रत केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली असून तिची मुदत २०४७ ही आहे. वर्गात जो मुलगा थंडी पडली की हातपाय दुखतात म्हणून घरी राहतो, त्यास कामचुकार म्हणण्यापूर्वी त्याच्या रक्ताची तपासणी झाली आहे काय, एवढे शिक्षकांनी व पालकांनी अवश्य विचारावे.

आता राष्ट्राराष्ट्रांच्या सहकार्याकडे वळू. सांध्यांच्या रोगांसाठी निरनिराळ्या देशांनी एकत्र यावे ही कल्पना नवी नाही. हॉलंडमधील डॉक्टर यान फान ब्रेमेन यांच्या पुढाकाराने १९२० च्या दशकाच्या अखेरीस यासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ उभे राहिले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व सांधेरोगतज्ज्ञांचा जागतिक संघ यांनी मिळून एक योजना काढली. तिचे इंग्रजी नाव आद्याक्षरांवरून ‘कॉपकॉर्ड’ असे पडले. ही योजना गरीब देशांसाठीच आखलेली होती. महागडी यंत्रे नकोत. गावातल्याच स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन साधे प्रश्न विचारावे, कागदावर काढलेल्या मनुष्याकृतीवर दुखणाऱ्या जागी खूण करून घ्यावी, व ज्यांस दुखते त्यांस मग डॉक्टरांनी तपासावे.

भारतात ही पाहणी प्रथम आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी, १९९६ मध्ये पुण्याचे डॉक्टर अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी केली. चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांची विचारपूस झाली. तेव्हा दिसून आले की शंभरांत सुमारे १८ जणांस सांधे, स्नायू अथवा हाडे यांचे दुखणे आहे, आणि आमवाताचे रोगी हजारी सुमारे ५ आहेत. भिगवणच्या चावडीपुढून रोज जाणाऱ्या माणसांपैकी इतके जण वेदना घेऊन चालत आहेत, हे गावास तोपर्यंत आकड्यांत ठाऊक नव्हते. मुक्या दुखण्यास वाचा फुटावयाची तर प्रथम ते मोजले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आज पृथ्वीवर सुमारे १७१ कोटी माणसे या ना त्या स्नायू-अस्थि-विकाराने ग्रस्त आहेत. २००० ते २०१० हे दशक जगाने ‘अस्थि व सांधे दशक’ म्हणून पाळले, आणि दरवर्षी १२ ऑक्टोबर हा जागतिक संधिवात दिन असतो.

आमच्या अरण्यातही हे काम पोहोचले आहे. गडचिरोलीत १९८६ पासून कार्य करीत असलेल्या डॉक्टर अभय व डॉक्टर राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यांतील पाठदुखी व पायांच्या दुखण्यांचा शास्त्रीय अभ्यास केला, आणि तो आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुंबईचे मणक्याचे शल्यविशारद डॉक्टर शेखर भोजराज व त्यांचे ‘स्पाइन फाउंडेशन’ या कामी सहभागी आहेत. मुंबईहून पथके येतात व शोधग्रामच्या माँ दंतेश्वरी रुग्णालयात मणक्याच्या शस्त्रक्रिया होतात. शस्त्रक्रिया लागणारे रोगी थोडे. बहुतेकांस योग्य व्यायाम व समजूत हेच औषध. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातही रोग्यास नीट माहिती देणे व व्यायाम यांवर भर असून कंबरेचे पट्टे व वजने लावून ताण देणे यांची सरसकट शिफारस नाही. बाजारात पट्ट्यासाठी पदरचे पैसे मोजणाऱ्या मजुराने हे जरूर ऐकावे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, ज्या मुलखात अद्याप हिवतापाने माणसे मरतात, तेथे गुडघ्यांची चिंता हा श्रीमंती शौक होय. आक्षेप वजनदार आहे, व मरणाऱ्यास प्रथम वाचवावे हे आम्हासही मान्य आहे. परंतु वाचविलेल्या माणसास पुढे जगावयाचे आहे, आणि आमच्याकडे जगणे म्हणजे वाकणे, उचलणे व चालणे. पन्नास वर्षांच्या शेतकऱ्याची पाठ गेली म्हणजे त्याच्या घरातील एक बैलच गेला. शिवाय जो आरोग्यसेवक हिवतापासाठी दारी येतो, तोच चार प्रश्न सांध्यांविषयी विचारील व दोन व्यायाम दाखवील, तर त्यास कितीसा खर्च? भिगवणच्या स्वयंसेवकांनी हेच करून दाखविले.

मग आम्हास जगाकडून काय पाहिजे? आमचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात सापडते. १९५० च्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे देशोदेशींचे तरुण वरोऱ्याजवळ आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी कुष्ठरोग्यांच्या शेजारी उभे राहून स्वहस्ते विटा रचल्या. ज्या काळी सख्खे नातलगही कुष्ठरोग्यास शिवत नसत, त्या काळी परदेशी पाहुण्यांनी त्यांच्याबरोबर घाम गाळला. आम्ही सहकार्य म्हणतो ते हे. पेटीबंद यंत्र धाडून दिले आणि ते चालविणारा कोणी शिकविला नाही, तर ते यंत्र धूळ खाते. शिकविणारे लोक या, आमच्या मुलामुलींस व्यायामोपचाराची विद्या द्या, स्वस्त औषधे पोहोचती करा, आणि आमच्या रोवणीच्या बांधीत जे दिसेल ते आपल्या ग्रंथांत लिहून घ्या. कारण खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांच्या पाठीचे शास्त्र चिखलात वाकणाऱ्या पाठीस जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. देणेघेणे दोन्ही बाजूंनी झाले तरच त्यास शेजारधर्म म्हणावे.

आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांस स्वतःस मणक्याचा असा विकार होता की त्यांना बसता येत नसे. उभे राहणे अथवा निजणे एवढेच शक्य होते. तरीही १९८५ मध्ये ते ‘भारत जोडो’ यात्रेस कन्याकुमारीहून निघाले, आणि गाडीत पडून प्रवास करीत त्यांनी देश ओलांडला. याचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. बाबांची वेदना लोकांनी खरी मानली, त्यांच्यासाठी गाडीत बिछाना घातला, म्हणून ते निघू शकले. आमच्या घरातील माउलीची वेदना आम्ही खरी मानतो काय?

विद्यार्थिमित्रांनो, जिनिव्हास जे ठराव होतात त्यांचा शेवटचा टप्पा तुमच्या घरच्या ओसरीवर आहे. या सुटीत आपल्या आजीस विचारा की सकाळी बोटे किती वेळ आखडतात, कोणता गुडघा सुजतो, केव्हापासून. उत्तर लिहून घ्या व तिला घेऊन आरोग्यकेंद्रात जा. नाव-गाव नसलेल्या पुड्या व “हमखास” गोळ्या घेऊ देऊ नका. त्यांत पुष्कळदा अशी औषधे लपलेली असतात की आज वेदना थांबते व उद्या हाडे आणि मूत्रपिंडे बिघडतात. गावच्या हातपंपाचे पाणी तपासले आहे काय ते ग्रामपंचायतीत विचारा. आणि पालकांस आमची एवढीच विनंती की, पाण्याची घागर थोरल्या मुलीबरोबर मुलानेही उचलावी, बापानेही उचलावी. एका पाठीवरचा भार चार पाठींवर वाटला म्हणजे कोणतीच पाठ मोडत नाही. राष्ट्रांचे सहकार्य म्हणतात ते तरी याहून निराळे काय आहे?