दयेचा पूर आणि तयारीचा दुष्काळ

आपल्याकडे कोठे पूर आला, भूकंप झाला, दरड कोसळली, की त्याच्या मागोमाग दुसरा एक पूर येतो. तो दयेचा. पाण्याच्या पुराने घरात शिरलेला चिखल उपसता उपसता माणसाचे वर्ष निघून जाते. दयेचा पूर मात्र पंधरा दिवसांत ओसरतो आणि मागे आपला गाळ ठेवून जातो. हा गाळ म्हणजे जुने कपडे. विरलेल्या चादरी, उसवलेली पोलकी, कपाटात उगाच जागा अडवून बसलेला लोकरी कोट! २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहिले. ज्यांच्यासाठी ते आले होते त्यांनी ते घेतले नाहीत. घर वाहून गेले म्हणजे माणसाचा स्वाभिमानही वाहून जातो, असे धरून चालणाऱ्या दात्यांना मिळालेले ते उत्तर होते.

सणासुदीला ही भाषा कडू लागेल, हे मला ठाऊक आहे. परंतु नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्यापैकी पुष्कळ घरांत कारीट फोडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात आणि मगच फराळाच्या ताटावर बसतात. वाचकहो, हा लेख ते कारीट समजा. चकल्या पुढे आहेतच.

माझे म्हणणे सरळ आहे. संकटानंतर धावून जाणारा समाज म्हणून आपण आपली पाठ थोपटून घेतो. पण संकटाच्या आधी चार माणसे एकत्र बसून विचार करतात, असा समाज आपण अजून झालेलो नाही. आणि माणसे मरतात ती बहुतेक या दुसऱ्या उणिवेपायी मरतात. निसर्गाच्या नावावर आपण जी बिले फाडतो, त्यांतली निम्मी आपल्या आळसाची असतात.

किल्लारीचेच घ्या. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत धरणी हालली आणि आठ-दहा हजार माणसे गेली. आपण म्हणालो, 'भूकंपाने माणसे मारली.' खोटे आहे ते! भूकंपाने जमीन हालवली. माणसे मारली ती भिंतींनी. हात-दोन हात जाडीच्या त्या दगडी भिंती. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. आणि वर उन्हापासून रक्षण म्हणून वर्षानुवर्षे माती चढवून जड केलेले माळवद. जमीन हालली तशी भिंत दोन्ही अंगांनी फाकली आणि ते माळवद झोपलेल्या माणसांवर आले. त्याच गावांत गरिबांच्या कुडाच्या झोपड्या पुष्कळ ठिकाणी उभ्या राहिल्या. ज्याचे घर जितके भारी, तितके त्याचे मरण नक्की, असा तो उलटा न्याय होता.

भिंतीत ठराविक अंतरावर लांब दगड आरपार घालावेत, दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून साऱ्या घराभोवती काँक्रीटचा एक पट्टा फिरवावा, छपराचे ओझे कमी करावे, ही विद्या १९९३ साली नवी नव्हती. ती पुस्तकांत होती, इंजिनिअरांच्या कचेरीत होती. गवंड्याच्या हातात मात्र नव्हती. तिला कचेरीतून गवंड्याच्या हातापर्यंत आणण्याचे काम कोणाचे, हे ठरलेच नव्हते. किल्लारीला १९९२ मध्येच हादरे बसू लागले होते. म्हणजे दारावर थाप पडली होती. आपण कडी काढली नाही, एवढेच. पुढे चार महिन्यांच्या आत, जानेवारी १९९४ मध्ये, अमेरिकेतील लॉस एंजेलिसजवळ किल्लारीहून मोठा भूकंप झाला. दाट वस्तीचे ते शहर. पण मेले ते साठाच्या आसपास.

"अहो मास्तर, अमेरिकेचे काय सांगता? त्यांच्यापाशी पैसा आहे!" असे कोणी म्हणेल. बरे तर, अमेरिका सोडू. ओरिसाकडे जाऊ. ते राज्य आपल्याहून श्रीमंत आहे, असे तर कोणी म्हणणार नाही? २९ ऑक्टोबर १९९९ रोजी त्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे समुद्राने आणि वाऱ्याने नेली. त्या प्रांताने रडून झाल्यावर डोळे पुसले आणि कामाला हात घातला. त्याच वर्षी आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभे केले. किनाऱ्याला उंच खांबांवर पक्के निवारे बांधले. त्यांतले कित्येक एरवी शाळा म्हणून वापरले जातात, म्हणून त्यांना कुलूप लागत नाही आणि गंज चढत नाही. गावोगाव स्वयंसेवक शिकवून तयार केले. कोणाच्या घरी म्हातारे माणूस आहे, कोणती बाई गरोदर आहे, कोणाला चालवत नाही, याची माहिती आधीच हाताशी ठेवली. मग २०१३ साली फायलिन नावाचे तसेच प्रचंड वादळ आले. जवळजवळ दहा लाख माणसे आधीच हलवली गेली होती. मृत्यू पन्नासाच्या आत राहिले. २०१९ च्या मे महिन्यात फणी आले, तेव्हा बारा लाख माणसे हलवली. बळी साठाच्या आसपास. वाऱ्याचा वेग तोच, समुद्र तोच, गरिबीही थोडीफार तीच. बदलली ती फक्त तयारी. दहा हजार आणि साठ, या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे त्याला दैव म्हणणे हा दैवावरही अन्याय आहे.

आता आपल्या घरी या. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. बाहेरच्या जगाला ते कळले कसे? नेहमीच्या फेरीला आलेल्या एस्. टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, म्हणून! २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये गेले, ऐंशीहून अधिक माणसांसह. २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गेली. रात्रीच्या पावसात बचावाला निघालेल्या माणसांना डोंगर पायीच चढावा लागला, कारण वाडीला गाडीरस्ता नव्हता. मागाहून कळले, की दरडप्रवण गावांची जी सरकारी यादी होती, तीत या वाडीचे नावच नव्हते. यादीत नाव नसले, की डोंगर थांबतो थोडाच?

नदी तर डोंगराहून सभ्य. ती फुटाफुटाने सांगून येते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २००५ साली कृष्णेने ५० फूट ओलांडून दाखवले होते. तरी २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांवर गेली, तेव्हा पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला जीव वाचवायला निघालेली माणसे एकाच नावेत कोंबली गेली आणि ती नाव उलटली. ज्या गावाला पाण्याचा वेढा पडणार हे चौदा वर्षांपूर्वी कळून चुकले होते, तेथे पुरेशा नावा आणि बुडू न देणारी जाकिटे असायला नकोत काय? एका मंत्र्याच्या पाहणी दौऱ्याला जेवढ्या मोटारी लागतात, त्यांच्या पेट्रोलात ती जाकिटे आली असती.

मग हे होत का नाही? माझ्या मते याचे कारण पैसा नव्हे. कारण असे, की तयारीचा फोटो निघत नाही. वाचवलेले पोर हातात घेतलेल्या जवानाचे चित्र सर्वत्र छापून येते, आणि यावेच. तो मान त्याचाच आहे. परंतु ज्याने पावसाळ्यापूर्वी ओढ्याच्या तोंडचा राडारोडा काढवला आणि त्यामुळे जेथे पूर आलाच नाही, त्या ग्रामसेवकाला हार कोण घालणार? न घडलेल्या संकटाची बातमी होत नाही. म्हणून पुढारी मदत वाटतात, आणि आपणही पुढाऱ्याला विचारतो, 'तुम्ही किती वाटले?' 'तुम्ही काय टाळले?' असे विचारणारा मतदार अजून जन्माला यायचा आहे.

मदतीनंतरचे काम, म्हणजे मोडलेले गाव पुन्हा वसवणे, त्यात तर आपल्या दयेची खरी पारख होते. किल्लारीनंतर बावन्न गावे जागेवरून उचलून नव्या ठिकाणी वसवली गेली. एवढी घरे उभी राहिली हे लहानसहान काम नव्हे. त्याचे श्रेय द्यावेच लागेल. पण घरे वाटली कशी? ज्याला जमीन नाही किंवा अगदी थोडी आहे त्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपाने एका रात्रीत जी उच्चनीचता ढिगाऱ्याखाली सारखी केली होती, ती आपण मापे घेऊन पुन्हा काँक्रीटमध्ये ओतली! शिवाय रस्ते पट्टीने आखलेले, घरे ओळीने मांडलेली. कागदावर फार सुंदर. पण गाव म्हणजे काही कवायतीची पलटण नव्हे. गल्लीच्या तोंडचा पार, दारातले जनावर, भिंतीपलीकडून हाक मारली की ओ देणारी शेजारीण, हे नकाशावर दाखवता येत नाही. म्हणून ते नव्या गावात नेलेच गेले नाही.

याच भूकंपाने दुसराही धडा दिला, तो मात्र आपण विसरलो. जी गावे हलवली नाहीत, तेथे घरे दुरुस्त आणि बळकट करण्याचे काम घरमालकांवरच सोपवले. सरकारने पैसा आणि इंजिनिअर दिले. आणि गावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले. ज्या बाईने जन्मात कचेरीची पायरी चढली नव्हती, ती भिंतीत आरपार दगड बसला की नाही हे पाहू लागली, सिमेंटचा हिशेब विचारू लागली. येथे संकटग्रस्त माणूस हात पसरून उभा नव्हता. हातात ओळंबा घेऊन उभा होता. मी याला मदत म्हणतो. बाकीची ती भिक्षा.

मी पडलो शाळामास्तर. उपाय सांगताना मला शाळाच आठवते. ११ मार्च २०११ ला जपानात त्सुनामी आली. कामाइशी या गावी मोठी हानी झाली. पण तेथल्या शाळांतली सुमारे तीन हजार मुले, अगदी थोडी वगळता, वाचली. जमीन हालताच थांबायचे नाही, उंचावर पळायचे, हे त्यांच्याकडून वर्षानुवर्षे गिरवून घेतले होते. थोरल्या मुलांनी धाकट्यांचे हात धरले आणि टेकडी गाठली. आमच्याकडे पाढे पाठ असतात, थोर पुरुषांच्या जयंत्या पाठ असतात. पाणी आले तर कोणत्या वाटेने निघायचे, हे मात्र मुलालाही ठाऊक नसते आणि मास्तरालाही नसते. वर्षातून दोनदा ही कवायत घ्यायला छदाम खर्च नाही. शाळेत शिकलेले मूल ते घरी जाऊन आजीला शिकवील, आणि आजी एकदा ऐकले की साऱ्या आळीला शिकवील.

'सरकार काय करते?' हा प्रश्न जरूर विचारा, पण नीट विचारा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असावा लागतो. तो आमच्या गावापर्यंत कसा पोचतो, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. आमचे नाव यादीत आहे काय? रात्री दोन वाजता शाळेची किल्ली कोणाकडे? हाक कोण देणार? पांगळ्या तात्यांना कोण उचलणार? ही चार वाक्ये विचारायला पदवी लागत नाही.

आणि दान करायचेच असेल, तर तिसऱ्या महिन्यात करा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापुराकडे पुराने नुसते पीक नेले नाही. कित्येकांच्या रानातली माती खरवडून नेली. पिकाचे नुकसान एका हंगामाचे असते, मातीचे पिढीचे. त्या शेतकऱ्याला पहिल्या आठवड्यातली तुमची बिस्किटे उपयोगी पडली असतील; पण पुढच्या जूनमध्ये बियाणे, पोराची फी आणि पुन्हा भरायचा गाळ यांच्या वेळी तुमची आठवण त्याला अधिक उपयोगी पडते. तेव्हा रोख पैसे द्या, आणि त्याला काय हवे ते आधी त्यालाच विचारा.

लक्ष्मी येणार म्हणून आपण पंधरा दिवस आधी जळमटे काढतो, भिंती रंगवतो, माळ्यावरचे डबे खाली उतरवतो. येणाऱ्या पाहुणीसाठी आधीपासून घर आवरायचे, हे शहाणपण आपल्या रक्तात आहे. बाहेरून आणायला नको. यंदा माळा आवरताना घराचे, जमिनीचे, शाळेचे कागद एका पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, आणि वेळ आली तर ती पेटी कोण उचलणार, हे साऱ्यांदेखत ठरवा. माळ्यावरून निघालेले जुने कपडे मात्र पूरग्रस्तांसाठी राखून ठेवू नका. त्यांची घरातच पायपुसणी करा.