अंगणवाडीच्या दारातील कुत्रा

अंगणवाडीच्या तक्त्यावरील कुत्र्याचे नाव बालकास शिकविले जाते. दाराशी बसलेल्या कुत्र्याशी कसे वागावे, हे क्वचितच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संशयित पिसाळलेली जनावरे ज्यांना चावतात, त्यांत सुमारे ४० टक्के मुले १५ वर्षांखालील असतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो.

खाणाऱ्या, झोपलेल्या वा पिलांजवळच्या कुत्र्यास छेडू नये. तो अंगावर आल्यास न पळता स्तब्ध राहावे. चावा वा ओरखडा घरी लपवू नये. मोठ्यांनी जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ लस द्यावी, एवढाच हा पाठ. त्यास ना इमारत लागते, ना अनुदान. १९७५ साली सुरू झालेल्या या योजनेत त्यास स्थान हवेच. भीतीने दगड उचलणाऱ्या हातास भूतदया मागाहून शिकविणे कठीण असते.