विश्लेषण : कमांड लाइन शिकताना आधी ‘पाहायला’ का शिकावे?

३१ जानेवारी २०१७. ‘गिटलॅब’ या कंपनीचा एक अभियंता रात्री उशिरापर्यंत अडखळणारा डेटाबेस सर्व्हर सुरळीत करण्यासाठी झटत होता. दुय्यम सर्व्हरवरचे एक रिकामे फोल्डर आड येत असावे, असे वाटून त्याने ते काढून टाकण्याची कमांड दिली. एक-दोन सेकंदांतच लक्षात आले, की टर्मिनल मुख्य सर्व्हरचे होते आणि फोल्डर रिकामे नव्हते. कमांड थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी माहितीपैकी साडेचार जीबीच उरली होती.

एका कमांडने एवढे नुकसान कसे?

ती कमांड होती ‘आरएम’. तिला ‘आर’ हा पर्याय जोडला, की फोल्डर आतल्या सगळ्या उपफोल्डरांसह जाते; ‘एफ’ जोडला, की मध्ये काही विचारले जात नाही. टर्मिनलमध्ये रिसायकल बिन नसते. गेले ते गेले. कंपनीकडे बॅकअपच्या अनेक सोयी होत्या, पण ऐनवेळी त्या निकामी निघाल्या. डेटाबेसची रोजची प्रत घेणारी यंत्रणा आवृत्ती न जुळल्याने बंद पडली होती आणि तसे कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली. मधल्या सहा तासांतली नोंद मात्र परत आली नाही. कंपनीने हे सारे जाहीरपणे सांगितले, दुरुस्तीचे थेट प्रक्षेपणही केले, म्हणून आज त्यावरून शिकता येते.

मग शिकण्याचा क्रम कोणता?

महाविद्यालयात किंवा क्लासमध्ये साधारणपणे फोल्डर बनवा, कॉपी करा, हलवा, पुसा असा क्रम असतो. तो परीक्षेपुरता ठीक. नोकरीत पहिल्याच महिन्यात खऱ्या सर्व्हरचा पासवर्ड हाती येऊ शकतो. म्हणून काहीही न बदलणाऱ्या कमांड आधी बोटांत बसायला हव्यात. ‘होस्टनेम’ आपण कोणत्या यंत्रावर आहोत ते सांगते. ‘पीडब्ल्यूडी’ (हिचा बांधकाम खात्याशी संबंध नाही) कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते सांगते आणि ‘एलएस’ तिथे काय आहे ते दाखवते. तिन्ही मिळून पाच सेकंदांचे काम. त्या रात्री पहिली आणि तिसरी कमांड दिली गेली असती, तर कदाचित आजच्या या लेखाला विषयच उरला नसता.

यानंतर ‘लेस’ने फाइल वाचणे, ‘टेल’ने लॉगचे शेवटचे टोक पाहणे, ‘ग्रेप’ने हजारो ओळींतून हवा तो शब्द शोधणे आणि ‘पाइप’च्या उभ्या रेघेने एका कमांडचे उत्तर दुसरीला देणे. नोकरीतला बराचसा वेळ खरे तर यातच जातो. कोणत्याही कमांडचा अर्थ अडला, तर ‘मॅन’ आहेच. तिची भाषा रूक्ष असते, पण पर्यायांची यादी पक्की मिळते.

पुसण्याची पाळी आली, तर ‘आरएम’च्या जागी आधी ‘एलएस’ लिहून बाकीची ओळ तशीच चालवावी. जी नावे दिसतील, तीच पुसली जाणार असतात. तारांकन चिन्हाआधी चुकून पडलेली एक मोकळी जागा इथेच पकडली जाते.

एआय चॅटबॉट मागितली ती कमांड क्षणात लिहून देतात, पण टर्मिनल कोणत्या सर्व्हरचे उघडे आहे, हे चॅटच्या खिडकीतून त्यांना दिसत नाही. उत्तरात ‘सुडो’ दिसले, तर दुप्पट सावध व्हावे. ती कमांड यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने चालते.

त्या घटनेनंतर ‘गिटलॅब’ने ठरवलेल्या सुधारणांत एक अगदी साधी होती : टर्मिनलमध्ये कर्सरच्या आधी दिसणारा मजकूर बदलायचा, म्हणजे आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत ते ठळकपणे दिसेल. स्वतःच्या लॅपटॉपवरही ही सोय एका ओळीच्या बदलाने करता येते.